हाक तुटली की मागे फिरायचं

मोह टपकायला लागला की आमच्या गावाची झोप पातळ होते. यंदा होळीच्या आधीच सुरुवात झाली. पहाटे अंगणात आले आणि वास आला. गोडसर, जरासा आंबूस, धड फुलाचा नाही आणि धड फळाचाही नाही. ज्याला तो आवडतो त्याला वेड लावतो, ज्याला आवडत नाही त्याचं डोकं उठवतो. लग्न होऊन आले तेव्हा माझं डोकं उठायचं. आता वास आला की मी आधी जंगलाकडे बघते, मग टोपली शोधते. आनंद आणि भीती एकाच वासातून येतात, हे मला इथे आल्यावर कळलं.

वर्ध्याहून निघालेली एस.टी. सेलूपर्यंत खच्चून भरलेली असते, पुढे अर्धी रिकामी होते, आणि आमच्या पिपरमेटच्या फाट्यावर थांबते तेव्हा आत कंडक्टर, ड्रायव्हर आणि आम्हीच उरतो. फाट्यापासून पायी. दोन्ही बाजूंना साग. पावसाळ्यात हा रस्ता इतका हिरवा असतो की पाहुण्यांना कौतुकाचं भरतं येतं. मार्च-एप्रिलमध्ये मात्र एकही पाहुणा येत नाही. साग उघडाबोडका उभा असतो, आणि खाली पडलेली त्याची पानं पापडासारखी वाजतात. उंदीर पळाला तरी म्हैस आल्यासारखं वाटतं.

गाव म्हणजे एक रस्ता. त्याच्या या हाताला आमची शेतकऱ्यांची घरं, त्या हाताला गोंडांची. मधे हातपंप, आणि तिथे दोन भाषांची खिचडी. कापूस, तूर, हरभरा हे आमचं. मोह, तेंदूपानं, डिंक हे त्यांचं, अशी वाटणी कधीकाळी असेल. आता कोणाचं काय ते देवही सांगू शकणार नाही. आमच्या घरात मोहाच्या पुऱ्या होतात आणि त्यांच्या घरात टीव्हीवर मालिका चालतात. तीन बाजूंनी जंगल आहे, चौथ्या बाजूला शेतं आहेत आणि शेतात रानडुकरं आहेत, म्हणजे चौथी बाजूही जंगलाचीच म्हणा. मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, त्यामुळे गावातलं एकही गुपित टाकीच्या पलीकडे टिकत नाही. जंगलातून गाव हलवायचं का, असं विचारायला अधूनमधून जंगलखात्याचे साहेब लोक येतात. पावसाळ्यात विचारलं तर अर्धं गाव हो म्हणतं. मोहाच्या दिवसांत विचारलं तर तीच माणसं नाही म्हणतात.

माझं माहेर पवनार. धाम नदीचा काठ, वांग्याच्या वाड्या, दर थोड्या वेळानं वर्ध्याची बस. भीती म्हणून काय ती पुराची, आणि पूर निदान सांगून तरी येतो. तिथून मी या गावात आले आणि पहिल्याच मोहात एक गाढवपणा केला. पहाटे टोपली घेतली, दिसेल त्या झाडाखाली बसले आणि फुलं वेचायला लागले. मागून आवाज आला, "ते झाड तुहं नाई, पवनारवाली."

ती झामाबाई. आमच्या समोरच्या घरातली. उंच, काटक, कपाळावर गोंदण, आणि बोलणं असं की मिरची बरी. तिनं माझी टोपली उलटी केली नाही. मला हाताला धरून आमच्या बांधावर नेलं आणि आमची दोन झाडं दाखवली, एक बांधावरच, दुसरं तिथून जरा आत, जंगलात. मग समजावलं. जंगलातल्या प्रत्येक मोहाला घर आहे. अमकं झाड अमक्याच्या आजीचं, तमकं तमक्याच्या आत्याचं. कुठे लिहिलेलं नाही, खूण नाही, पण चुकून कोणी दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलत नाही. नियम एकच: झाडाखालचा पाचोळा दर हंगामात झाडून जागा स्वच्छ करायची. ज्या झाडाखाली एक हंगाम खराटा फिरला नाही ते झाड मोकळं झालं, मग त्यावर कोणीही हक्क सांगावा. झामाबाईचं झाड सगळ्यांत आत, नाल्याच्या काठाला. तिच्या आईचं, त्याआधी आईच्या आईचं. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं त्याचं खोड आहे.

तिनंच मला वेचायला शिकवलं. पाच-सहा फुलं उचलली की ताठ उभं राहायचं, चहूकडे बघायचं, मग पुन्हा वाकायचं. "वाकलेली बाई त्याले जनावर वाटते. उभी राह्यली का माणूस दिसते. माणसाले तो टाळते." तो म्हणजे वाघ. आमच्याकडे जंगलात वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं.

आणि मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी ‘तो’ नव्हता, ‘ती’ होती.

उन्हाळा लागता लागता नाल्याच्या ओल्या रेतीत पावलं दिसली. मोठी, आणि त्यांच्या आजूबाजूला मांजरापेक्षा जरा मोठी. जंगलखात्याचे गार्डसाहेब घरोघर येऊन सांगून गेले. वाघीण पिल्लं घेऊन नाल्यात आहे, सूर्य उगवल्याशिवाय कोणी आत जाऊ नका, आणि शक्यतो उगवल्यावरही जाऊ नका. माणूस चांगला होता. त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, हीच अडचण होती. कारण मोह पहाटे टपकतो. ऊन चढेपर्यंत थांबलात तर हरणं, माकडं, अस्वलं आणि गावची गुरं तुमच्यासाठी देठही ठेवत नाहीत. आणि अजिबात गेलं नाही तर झाड मोकळं. खराटा का फिरला नाही याचा दाखला वाघीण देणार नव्हती.

त्या दिवसांत गाव कसं झालं होतं ते अजून आठवतं. संध्याकाळी पोरं हाका न मारता आपोआप घरात. कुत्री ओट्याखाली. बोलताना सगळ्यांचा आवाज एक पट्टी खाली. आमचे हे शेतावरून यायला जरा उशीर झाला की मी दाराशी उभी, आणि ते दिसले की पहिलं वाक्य भांडणाचं. एवढी माया मी त्यांच्यावर आधी कधी केली नव्हती, आणि एवढी भांडलेही नव्हते.

तेव्हा बायकांनी एक शक्कल काढली. ती कोणाची, यावर अजून वाद आहे. त्या वेळी जी ती म्हणत होती माझी, आता जी ती म्हणते दुसरीची. शक्कल अशी की जुनी लुगडी आणि साड्या न्यायच्या, झाडाखाली चार खुंट्या ठोकून त्यांवर झोळीसारख्या ताणून बांधायच्या. रात्रभर फुलं साडीत पडतील. आपण उजाडल्यावर, ऊन आल्यावर जायचं, झोळी टोपलीत रिकामी करायची आणि निघायचं. वाकायला नको, अंधारात जायला नको, वेळ लागायला नको. आम्हाला आमच्या हुशारीचा इतका अभिमान वाटला की विचारू नका. भर दुपारी, पुरुषांना सोबत घेऊन आम्ही साड्या बांधून आलो. पानगळीच्या त्या करड्या जंगलात जागोजागी लाल, जांभळी, पिवळी छपरं. माझी मोरपंखी होती, माहेरची, पदर विरलेला. झामाबाईनं आपली हिरवी बांधली. माझी जाऊ मंदा म्हणाली, "मायबाई, जंगलात लगन लागलं वाटते." त्या दिवशी आम्ही पुष्कळ हसलो.

तरीही झामाबाईनं आणखी एक गोष्ट ठरवून घेतली. हातपंपाच्या ओट्यावर सगळ्या बायकांना बसवून तिनं सांगितलं की सकाळी हाक फिरवायची. बांधावरच्या बाईनं कूऽऽ करायचं, पुढच्या झाडावरचीनं ओ द्यायची, मग तिच्या पुढचीनं, असं आतल्या झाडापर्यंत आणि तिथून परत. आमच्या ओळीत बांधावर मंदा, मधे मी, शेवटी झामाबाई. "आन हाक तुटली का," ती म्हणाली, "मांगं फिराचं. सगळ्याईनं. जिची तुटली तिले पाहाले कोणी जाऊ नोका. एक गेली त एकच गेली पाह्यजे. कबूल?"

सगळ्यांनी कबूल म्हटलं. मीही म्हटलं. ओट्यावर बसून, पोटात चहा असताना, ते अगदी शहाणपणाचं वाटलं.

पहिले काही दिवस सोन्यासारखे गेले. झोळ्या भरलेल्या असायच्या. फुलं पिवळसर, टपोरी, दवानं जड झालेली, आणि त्यांत मातीचा कण नाही. फक्त एवढंच, की झोळ्यांच्या कडा रोज थोड्या ओल्या, चाटलेल्या दिसायच्या. खाली लेंड्या असायच्या. मंदाची एक खुंटी कोणीतरी मोडली. आम्ही म्हटलं, हरणं येत असतील, येऊ दे बिचारी, चार फुलं खाल्ली तर काय झालं. आमच्या डोक्यात हे आलंच नाही की पूर्वी फुलं जमिनीवर विखरून पडायची आणि हरीण चार फुलं इथे, दोन तिथे खात फिरायचं. आता आम्ही त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवत होतो, तेही एकाच जागी, रोज. आणि जिथे चितळाचं ताट, तिथे ते खाणारीचंही ताट. जिला चुकवायचं म्हणून साड्या बांधल्या, तिला आम्हीच आमंत्रण धाडलं होतं.

त्या सकाळी कोवळं ऊन आलं होतं. मी माझी झोळी टोपलीत ओतत होते. मागून मंदाची हाक आली. मी ओ दिली आणि पुढे हाक टाकली, "कूऽऽ."

उत्तर आलं नाही.

झामाबाई ओ द्यायला नेहमीच वेळ लावायची, आणि दिली तरी वैतागून. मी थांबले. झाडावरून एक फूल पडलं, साडीवर, टप् करून. मी पुन्हा हाक दिली. काही नाही. तिसऱ्यांदा दिली तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. नाल्याच्या बाजूला माकडं खकाखका करत होती, हे मला तेव्हा ऐकू आलं. ती किती वेळ करत होती देव जाणे.

मागून पाचोळा वाजला, आणि मी किंचाळणार तोच मंदा दिसली. तिच्यामागे बाजूच्या ओळीतल्या दोघी. नियमाप्रमाणे त्यांनी गावाकडे पळायला हवं होतं. मंदा म्हणाली, "मांगं फिराचं ना?" मी म्हटलं, "हो." बाकीच्या दोघीही हो म्हणाल्या. चौघी हो म्हणून तिथेच उभ्या राहिलो. एकीचाही पाय गावाकडे वळेना.

मग मंदानं अचानक बोलायला सुरुवात केली. मोठ्यानं, हातपंपावर बोलते तशी. "म्या त्याईले सांगतलं होतं, हरभऱ्याले आता पानी देऊ नोका, पण आयकन तो मानूस कसला." आयुष्यभर तिच्या बडबडीला मी नावं ठेवली. त्या दिवशी ती बडबड म्हणजे आमच्या हातातली काठी होती. तिला चिकटून आम्हीही बोलायला लागलो. चौघी एकदम, कोणी कोणाचं न ऐकता. खांद्याला खांदा, ताठ, खराटे वर धरून, नाल्याकडे चालत. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही. मंदा सांगते, मी पवनारच्या वांग्याची भाजी कशी करतात ते सांगत होते, मसाल्यासकट.

झाड दिसलं. हिरव्या साडीचं एक टोक अजून खुंटीला होतं, बाकीची फाटून जमिनीवर पसरली होती, आणि तिच्यावर अर्धं खाल्लेलं चितळ होतं. झामाबाई खोडाला पाठ लावून उभी होती. टोपली छातीशी. तिनं आम्हाला पाहिलं. तोंड उघडलं नाही. खाली सोडलेल्या हाताचा पंजा फक्त मागे हलवला: जा. तिची नजर नाल्याकाठच्या वाळलेल्या गवतावर होती आणि ती तिथून निघत नव्हती.

तेव्हा तो आवाज आला. जात्यात खडा अडकावा तसा, जड, जमिनीतून येणारा. गवतातून ती उभी राहिली. मला तिचं डोकं दिसलं, कान दिसले. तिनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मी हे नंतर जोडलेलं नाही, खरंच एकेक करून पाहिलं. माझ्यावर नजर आली तेव्हा मी खराटा आणखी वर धरला. मंदा बोलतच होती. तिचा आवाज रडका झाला होता, पण हरभरा सुटला नव्हता. मग वाघिणीनं तोंड फिरवलं आणि नाल्यात उतरली. तिच्या मागे गवत बारीक बारीक हललं, दोन ठिकाणी. पिल्लं. झामाबाई खोडाला पाठ घासत घासत बाजूला झाली, एक पाऊल, आणखी एक, आणि आमच्यात आली. आम्ही उलट्या पावलांनी बांधापर्यंत आलो. कोणी पाठ फिरवली नाही, बोलणं थांबवलं नाही.

बांधावर बसल्यावर मंदाला रडू फुटलं. मला हसू येत होतं, ते थांबेना. मला झामाबाईला मिठी मारायची होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि आमच्यावर तुटून पडली.

"काऊन आल्या तुमी? काय कबूल झालतं? ते आंगावर आली असती त पाच घरच्या चुली बंद झाल्या असत्या. कोनासाठी? मा‍ह्यासाठी? मले काय झालं असतं, बुढीले?" ती तेव्हा म्हातारी अजिबात नव्हती.

मी म्हटलं, "मावशी, माही हाक तुटली असती त तू आली नसती?"

"नसती आली."

"खरंच?"

"नेम म्हंजे नेम," ती म्हणाली, आणि टोपली उचलून चालायला लागली.

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू, जीव वाचल्याच्या आनंदापेक्षा ते वाक्य जास्त दिवस टिकलं. या परक्या गावात मला धरून ठेवणारी ती पहिली बाई. सासरच्यांच्या आधी मी तिला आपलं मानलं. आणि ती मला तोंडावर सांगत होती की तू वाघाच्या समोर उभी असतीस तर मी घरी गेले असते. मी तिच्यावर विश्वासही ठेवला, कारण झामाबाई तोंडदेखलं बोलत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. तो हंगाम संपेपर्यंत ती माझ्या ओट्यावर चहाला आली नाही. नियम मोडलेल्यांकडे चहा पीत नाही, असं तिनं मंदाला सांगितलं. मंदाच्या घरी मात्र प्यायची. मंदानंही नियम मोडला होता, असं मी म्हटलं तर झामाबाई म्हणाली, "तिले अक्कल नाई. तुले हाय."

साड्या त्याच दुपारी निघाल्या. गार्डसाहेबांनी आम्हाला रांगेत उभं करून ऐकवलं, आणि पहिल्यांदाच आम्ही उलट बोललो नाही. माझी मोरपंखी मी घरी आणून धुतली तर मोहाचा वास काही जाईना. शेवटी तिची वाकळ शिवली. पावसाच्या तोंडावर वाघीण पिल्लांना घेऊन वरच्या डोंगराकडे निघून गेली. गावात पुन्हा पोरं उशिरापर्यंत खेळायला लागली. आवाज पुन्हा वरच्या पट्टीत गेले.

पण त्या हंगामानं मला आत काहीतरी करून ठेवलं. बाहेरचे लोक विचारतात, जंगलात राहायला भीती वाटत नाही का? मी म्हणते, सवय झाली. हे अर्धंच खरं आहे. भीतीची सवय होते म्हणजे भीती जात नाही, तिच्यासाठी घरात एक जागा ठरते, पाण्याच्या हंड्यासारखी. येता-जाता तिला धक्का लागू नये म्हणून आपण वळसा घालून चालतो. दर हंगामाआधी हातपंपाच्या ओट्यावर झामाबाई तोच नियम सांगते आणि आम्ही तेच कबूल म्हणतो. नव्या सुनाही कबूल म्हणतात. मी दर वर्षी कबूल म्हणताना तिच्याकडे बघते. ती माझ्याकडे बघत नाही.

यंदा ती माझ्या ओट्यावर आली. आपण होऊन, दुपारची. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला ती हात लावू देत नाही. पहिल्यानंच काय दिवे लावले, असं तिचं म्हणणं. आता तिला उजेड कळतो, माणूस आवाजावरून कळतो. मुलगी रोहण्याला दिलेली, तिचा संसार तिकडे. घरात दुसरं कोणी नाही. बराच वेळ ती माझ्या हरभऱ्याच्या डाळीबद्दल बोलली. मग म्हणाली, "नाल्यावरचं झाड यंदा मोकळं होईन."

मी म्हटलं, "मी झाडतो ना मावशी, तुह्या नावानं."

"फुलं अर्धी तुही."

"सगळी तुही."

"अर्धी," ती म्हणाली, आणि चहा मागितला.

आमचे हे ऐकून चिडले. आपली दोन झाडं जवळ आहेत, त्यात भागत नाही का? भागतं. पण काही गोष्टी भागण्यासाठी करत नाहीत, हे त्यांना समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, उरलेलंही जाईल. नाल्यात यंदा पुन्हा पावलं आहेत. आता गार्ड नवा आहे, झाडांना कॅमेरे बांधलेत, आणि टाकीजवळ उभं राहिलं की मोबाईलवर एकामागून एक सूचना येतात की पहाटे जंगलात जाऊ नये. आम्ही त्या वाचतो आणि ऊन आल्यावर जातो. आता ओळ अशी लागली: बांधावर झामाबाई, काठी घेऊन बसलेली, पहिली हाक तिची. मधे मंदा. शेवटी, नाल्यावर, मी.

ही गोष्ट गेल्या आठवड्यातली. झाडाखाली खराटा फिरवून झाला होता. जागा अंगणासारखी दिसत होती आणि तिच्यावर फुलं पडत होती. मी वेचत होते, पाच-सहा फुलं, मग ताठ, मग पुन्हा. आणि अचानक पक्षी थांबले. एक माकड खकारलं. मी उभी राहिले आणि खोडाला पाठ लावली. वारा नव्हता. नाल्याकाठचं गवत हललं.

त्याच वेळी मंदाची हाक आली, "कूऽऽ."

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. तरी नाही. त्या वर्षी झामाबाई गप्प का राहिली, याचा मी किती विचार केला होता. तिला जंगल कळतं, ओ दिली तर वाघीण बिथरेल हे तिला ठाऊक होतं, असं मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं होतं, लोकांना सांगितलंही होतं. तसलं काही नव्हतं. तिचाही आवाजच निघाला नव्हता.

मंदाची दुसरी हाक आली. मग तिसरी. त्यानंतर लांबवर मंदाचं ओरडणं ऐकू आलं, गावाच्या दिशेनं जाणारं, पुरुषांना बोलवायला. मग तेही बंद झालं. मागे फिरल्या. बरोबर केलं, मी मनात म्हटलं, हेच ठरलं होतं. आणि इतका राग आला, इतकं एकटं वाटलं, की डोळ्यांतून पाणी आलं. गवत पुन्हा हललं, या वेळी जरा अलीकडे.

मग पाचोळा वाजला. गवताकडून नाही, गावाच्या वाटेवरून. सावकाश. एक पाऊल, एक काठी, एक पाऊल. सागाच्या खोडांना हात लावत, चाचपत झामाबाई येत होती. एकटी. पायात काही नाही, लुगडं वर खोचलेलं. तोंडानं गोंडीत काहीतरी पुटपुटत होती, ऐकून वाटलं की मला शिव्याच देत असावी. तिला गवत दिसत नव्हतं. तिला मीही दिसत नव्हते. मला ओरडून सांगायचं होतं की मावशी, थांब. तेही जमलं नाही.

ती सरळ झाडाशी आली. शेवटी, ते तिच्या आईचं झाड. खोडाला तिचा हात लागला, मग माझ्या खांद्याला, मग तिनं पूर्ण पंजानं माझं तोंड चाचपलं, कपाळ, गाल, हनुवटी, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघितल्यासारखं. मग तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही मागे सरकायला लागलो. गवताकडे तोंड माझं होतं, वाट तिची. गवतात जे कोणी होतं ते आमच्याकडे आलं नाही, एवढंच मी सांगू शकते.

बांधाशी पोहोचलो तर गावाकडून डबे वाजवत माणसं येताना दिसली. पुढे आमचे हे, चप्पल कुठे टाकून आलेले कोण जाणे, आणि मागे मंदा रडत. झामाबाईनं त्यांचा आवाज ऐकला. पटकन बांधावर बसली, काठी आडवी ठेवली, खोचलेलं लुगडं खाली सोडलं, पायाची माती पदरानं पुसली. मग माझं मनगट खाली ओढून कानाशी म्हणाली, "पवनारवाली, गावात सांगजो नोको. मी इथंच बसून होती म्हन."

मी हो म्हटलं.